बाकावरचा रुमाल

आंबत चाललेल्या स्ट्रॉबेरीचा वास मला अजून अमेरिकेतल्या त्या चर्चमध्ये नेतो. लेकीकडे राहायला गेले असताना मी दर रविवारी मारियाशेजारी बसत असे. कागदपत्रांविना सीमा ओलांडून आलेली ती शेतमजूर; तिच्या धुतलेल्या हातांनाही तो वास येई.

एका रविवारी ती नव्हती. तिला इमिग्रेशनच्या पोलिसांनी शेतातूनच पकडून नेले होते.

"परक्याला आपले म्हणा," फादर सांगत होते.

"कायदा मोडला तर भोगायलाच हवं," मागची बाई पुटपुटली आणि कम्युनियनचा प्रसाद घ्यायला उठली. वेदीवरच्या द्राक्षारसाची द्राक्षे कुणाच्या बोटांनी खुडली, हे तिथे कुणी विचारत नाही.

मारियाच्या नवऱ्याने तिच्या जागी तिचा रुमाल अंथरला होता. मी त्याच्याकडे पाहिले. रुमालावरची सुरकुती हाताने सारखी करत तो म्हणाला, "येईल."