पडद्यावर लिहिलं होतं

"कीबोर्ड गेला," सर म्हणाले. मी चपला काढायच्या आधीच त्यांचं निदान झालं होतं.

हे सर सौंसरचे, कॉलेजात इतिहास शिकवत. पोरगी नागपूरला कॉम्प्युटर शिकत होती, तिच्यासाठी घरी मशीन घेतली होती. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. मी टीव्ही अन् स्टॅबिलायझर दुरुस्त करणारा, सातवी शिकलेला. इंग्रजी अक्षरं ओळखतो, अर्थ लागत नाही. पण दुसरा कोणी नव्हता, म्हणून मला बोलावलं.

पोरीचं सहा महिन्यांचं काम, तिचा प्रोजेक्ट, त्या मशीनमध्ये होता. सोमवारी दिला नाही तर वर्ष गेलं. सरांनी तो छापून चारच्या बसनं शेजाऱ्याच्या हाती पाठवायचा होता. शनिवार होता, अकरा वाजले होते.

मशीन चालू केली. तीन शिट्ट्या वाजल्या, पडद्यावर दोन ओळी आल्या आणि गाडी तिथंच अडली.

"काय लिहून राहिली हे?"

"ते रोजचंच आहे. बसवणाऱ्यानं सांगितलं, काहीही आलं तरी एफ वन बटण दाबा, मशीन पुढं जाते. आज दाबून राहिलो तर जातच नाही. म्हणजे कीबोर्डच गेला."

मी कीबोर्ड खोलला. धूळ काढली, मीटर लावून वायर तपासली. वायर चांगली. पुन्हा जोडला, पुन्हा तीन शिट्ट्या. मग स्टॅबिलायझर पाहिला. मग मशीनचे मागचे स्क्रू काढले. सर माझ्या डोक्यावर उभे राहून दर पाच मिनिटांनी एफ वन दाबत. मी म्हटलं, सर, बटण झिजेल. ऐकतील तर शपथ.

शेवटी मशीन जिथून घेतली त्या नागपूरच्या दुकानात ट्रंक कॉल लावला. तिथला माणूस म्हणाला, मशीन पाठवा, आतलं सगळं पुसून नव्यानं भरून देऊ. सरांनी फोन ठेवला. पोरीला काय सांगू, एवढंच म्हणाले.

माझं डोकं फिरलं. "सर, मले इंग्रजी येत नाही, तुम्हाले येते. त्या दोन ओळी मराठीत सांगा. एकदाच."

सरांनी चष्मा लावला. वाचलं. मग हळूच म्हणाले, "आज रोजचं नाही, वेगळंच आहे. कीबोर्डला कुलूप आहे. उघडा."

मशीनच्या तोंडावर एक गोल छिद्र होतं. सकाळपासून ते माझ्या डोळ्यासमोर होतं, मी शोभेचं समजलो. ते कुलूप. परक्यानं हात लावू नये म्हणून. लावलं की सगळी बटणं बंद, एफ वनही बंद.

चाबी मशीनच्या मागं लटकलेली असायची. आता नव्हती. सरांची आई सकाळीच जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेली होती. निघताना कपाट, टीव्हीचं शटर, जिथं चाबी लागते तिथं लावून जायची तिची सवय.

मी लुना काढली. म्हातारी देवळाबाहेर प्रसादाचं खोबरं वाटून राहिली होती.

"माय, त्या मशीनले कुलूप लावलं का?"

"लावलं ना. चाबी दिसली, लावलं. घर उघडं टाकून यावं का?"

"सर घरीच होते न."

"त्याच्या भरवशावर?" म्हणत तिनं कमरेचा चाब्यांचा जुडगा सोडून माझ्या हाती दिला.

दोन वाजता चाबी फिरवली. मशीन चालू. सगळी पानं छापून होताच मी लुनावर स्टँडला नेऊन शेजाऱ्याच्या हाती दिली. पोरगी पास झाली.

संध्याकाळी बायकोला सांगितलं तर ती हसली. "मशीन बरी. तुम्ही वाचेपर्यंत थांबून तरी राहते."

बायकोला जाऊन आता दोन वर्षं झाली. छातीत दुखून राहिलं, असं ती चुलीपाशी सरळ शब्दांत म्हणाली होती. मी गॅसची गोळी दिली.

जे समोर सांगितलं आहे, ते आधी ऐका. स्क्रू मग काढा.