रॅकेटच्या खांद्यावरचा तडा

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. संसाराला इतकी वर्षं झाली, तिला माझ्या दातांची दुखणी ठाऊक आहेत, माझ्या झोपेतल्या बडबडीची वेळ ठाऊक आहे — पण हे नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. किंवा ओळखतही असाल. अकोल्याच्या कोर्टात ज्याचं काम पडलं असेल, त्याने मला काळ्या कोटात पाहिलेलं असणार.

सुरुवात मात्र अमरावतीची. आणि ऐकायला क्षुल्लक — बॅडमिंटनच्या रॅकेटची.

अमरावतीला कॅम्पात एक वकील राहत. त्यांना सगळे दादासाहेब म्हणत. बंगल्यामागे त्यांनी मुरूम चोपून कोर्ट करून घेतलं होतं आणि रोज सकाळी ते खेळत. माणूस विद्वान, हात सढळ, पण संशयी — इतका, की शटलच्या डब्यांच्या कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली असे. सही खरी की खोटी हे बघायचं भिंग ते दूधवाल्याच्या मापावरही धरत. रॅकेटची तात बदलायला ते कुणाकडेही देत नसत. ते काम त्यांनी आम्हा दोघांना शिकवलं, स्वतः समोर बसून.

दोघं म्हणजे मी आणि दिगंबर. मी गावातल्याच एका भिक्षुकाचा मुलगा. दिगंबर अंजनगाव सुर्जीकडचा, घरची काळीची शेती, शिक्षणासाठी दादासाहेबांच्याच बंगल्यात राहणारा. दोघंही कायद्याचा अभ्यास करत होतो, दोघंही त्यांच्या ऑफिसात नकला लिहीत होतो. आणि परीक्षा झाल्यावर दादासाहेब एकालाच हाताखाली घेणार होते. हे ते बोलून दाखवत. म्हणत, "दोन ज्युनियर ठेवले की ते एकमेकांवर नजर ठेवतात, कामावर नाही."

नजर तर आम्ही तेव्हापासूनच ठेवत होतो. निदान मी.

तेव्हा रॅकेटी लाकडाच्या असत. तात म्हणजे आतड्याची, पिंजाऱ्याच्या धनुकलीला असते तशीच, फक्त बारीक. जुनी तात कापायचीसुद्धा रीत होती — मधून सुरू करायचं, एक उभी, एक आडवी. एकाच बाजूने कापत गेलात तर फ्रेम वाकडी होते. नवी घालताना आधी उभ्या ओढायच्या, त्याही मधूनच, एक डावीकडे, एक उजवीकडे. तात ओढली की ती सैल पडू नये म्हणून भोकात टोचा खोचायचा, मग पुढची ओढायची. सगळं कसब त्या टोच्यात होतं. कमी दाबला तर तात सरकते. जास्त दाबला तर लाकूड रेषेरेषेने फाटतं. दादासाहेब म्हणत, "लाकडावर विश्वास ठेवू नका रे. ते आतून फुटतं आणि वरून हसत राहतं."

दिगंबर मला हळूच म्हणाला, "हे लाकडाले बोलून राहिले का आपल्याले?"

मी हसलो. पण आपल्याला म्हणजे कुणाला — त्याला की मला? तेव्हासुद्धा मी हेच मोजत होतो.

एका दुपारी दादासाहेबांनी त्यांची विलायती रॅकेट आमच्या हवाली केली. उभ्या ताता मी घालायच्या, आडव्या दिगंबरने विणायच्या असं ठरलं होतं. तो कोर्टात नकला आणायला गेला होता, दादासाहेब पक्षकारापाशी. खोलीत मी एकटा. मला उभ्या ताता इतक्या कडक करायच्या होत्या की टिचकी मारल्यावर त्यांनी वाहवा म्हणावं. खांद्यापाशी, जिथे दांड्यापासून फ्रेम सुरू होते, तिथे तात सरकली. मी टोचा दाबला. पुन्हा दाबला. आणि टिच् — नख मोडावं इतकाच आवाज. एका भोकापासून दुसऱ्यापर्यंत केसासारखी रेघ गेली होती.

तुम्ही काय केलं असतं? नाही — हा प्रश्न मी मागे घेतो. तो विचारायचा मला हक्क नाही.

ऑफिसात कागदांना मोहोर लावायची लाल लाख असे. मी मेणबत्तीवर कांडी धरली, थेंब रेघेत पाडला, तो थिजायच्या आत अंगठ्याने आत दाबला. ब्लेडने वरचं खरवडून काढलं. रॅकेटच्या खांद्यावर लाल रंगाचा पट्टाच होता, त्यात लाख मिसळून गेली. मी रॅकेट खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिली. काही दिसत नव्हतं. मग दिगंबर आला आणि मी त्याच्या हातात रॅकेट दिली.

तो संध्याकाळपर्यंत आडव्या ताता विणत बसला. मी शेजारीच पुस्तक उघडून बसलो होतो. पान उलटल्याचं आठवत नाही.

पुढे काही दिवस रॅकेट छान चालली. दादासाहेब खूश होते. मग एका सकाळी त्यांनी उडी मारून फटका मारला आणि खांदा उघडला. ते ओरडले नाहीत. खाली बसले, मुरमातून एक लाल कपची उचलली, नखाने टोकरली, नाकाशी धरली. म्हणाले, "ही आपल्या ऑफिसातली लाख."

फ्रेम मोडल्याचं त्यांना काहीच वाटलं नव्हतं. लपवल्याचं वाटलं होतं.

त्यांनी आम्हाला एकेकट्याला आत बोलावलं, साक्षीदारांना बोलावतात तसं. आधी मला. मी बोललो ते शब्द असे — "उभ्या ताता मी घातल्या. दिगंबरकडे दिली तेव्हा फ्रेम नीट होती."

हे खोटं होतं. पण मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं. कुणी विचारलेलं नसताना मी म्हणालो, "त्याच्या हाताला जरा जोर जास्त आहे, दादासाहेब. पण मुद्दाम करणारा नाही तो."

त्यांनी मान वर केली. "मुद्दाम? मी कुठं मुद्दाम म्हटलं? तुला काही ठाऊक आहे का, वामन?"

मी जमिनीकडे पाहिलं. मित्राचं गुपित राखणाऱ्या मुलाने पाहावं तसं पाहिलं. मला माहीत होतं की मी काय करतो आहे. त्या माणसाच्या संशयाला एवढं खाद्य पुरेसं आहे, हे त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

दिगंबर आत गेला. दारातून त्याचा आवाज ऐकू आला — "मले नाई मालूम, दादासाहेब." एवढंच. मग दादासाहेबांचा आवाज, बराच वेळ. शेवटी त्यांनी निकाल दिल्यासारखं म्हटलं, "फ्रेमचा तडा बुजवणारा उद्या पक्षकाराचा दस्तऐवज बुजवेल. मला असा माणूस घरात नको."

त्याला पोचवायला मी बस स्टँडवर गेलो. गेलो नसतो तर बरं दिसलं नसतं — खरं कारण तेच. त्याची वळकटी मी टपावर चढवून दिली. तो खिडकीशी बसला. वडिलांना काय सांगणार, असं मी विचारलं. म्हणाला, "सांगीन का तात घालता नाई आली." आणि हसला. गाडी सुरू झाल्यावर वाकून म्हणाला, "वामन्या, अंगठ्याले खोबरेल लाव बे. लाखीचा चटका लवकर जात नाई."

मी अंगठा मुठीत घेतला. गाडी गेली तरी मूठ उघडली नाही.

म्हणजे त्याला माहीत होतं. आडव्या विणताना त्याच्या बोटांना लाख लागली असणार, आणि माझा अंगठा त्याने पाहिला असणार. मग तो आत बोलला का नाही? कुणी म्हणेल, मोठं मन. मला ते एकदाही पटलं नाही. मला वाटलं, हा राखून ठेवतो आहे. आज ना उद्या काढेल. दादासाहेबांच्या हाताखाली मी लागलो, त्यांच्याच शिफारशीने पुढे अकोल्यात स्वतःचं ऑफिस थाटलं, आणि एवढी वर्षं अंजनगावकडचा कोणी माणूस दारात आला की मी आडून आडून विचारायचो — दिगंबर कसा आहे, काही बोलतो का? तो कायदा सोडून अकोटजवळच्या एका गावी शाळेत मास्तर झाला होता. काहीच बोलत नसे. त्याचाच मला जास्त संशय येई.

मग तो अकोल्याच्या कोर्टात आला. त्याच्या गावातल्या एका विधवेचा विहिरीवरच्या हक्काचा दावा होता. तिचा दीर तिला पाणी भरू देत नव्हता. मी दिराचा वकील. ती बाई पाणी भरताना आपण वर्षानुवर्षं पाहिली आहे, असं सांगणारा एकच तटस्थ साक्षीदार तिच्याकडे होता. यादीत दिगंबरचं नाव वाचलं आणि मी यादी उपडी ठेवली. तो पिंजऱ्यात उभा राहिला — केस पिकलेले, सदरा परीटघडीचा. माझ्याकडे बघून ओळखीचं हसला. ते हसू मला धमकीसारखं वाटलं. इथे, सगळ्या बारसमोर, हा आता बोलेल. मी ठरवलं, त्याच्याआधी आपण बोलायचं.

"मास्तर, तरुणपणी तुम्ही अमरावतीला एका वकिलांच्या घरी राहत होता?"

"होतो, साहेब."

"विश्वासघाताच्या कारणावरून त्यांनी तुम्हाला घराबाहेर काढलं, हे खरं की नाही?"

समोरचे वकील हरकत घ्यायला उठले. न्यायाधीशांनी प्रश्न राहू दिला. दिगंबर माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग शोधला मी — तो मला हवा होता. नव्हता. होतं ते एक साधं आश्चर्य, आपल्या वर्गातल्या हुशार पोराने काही भलतंच केल्यावर मास्तरला वाटावं तसं.

"खरं आहे, साहेब," तो म्हणाला. "काढलं होतं."

तो पुढच्या प्रश्नाची वाट बघत उभा होता. कशावरून काढलं, असं मी विचारायचं होतं. कोणीही विचारलं असतं. मी म्हणालो, "मला आणखी काही विचारायचं नाही," आणि खाली बसलो.

त्याची साक्ष विश्वासार्ह नाही, असं निकालात आलं. बाईचा दावा फेटाळला गेला. तो नंतर कोर्टाच्या आवारात लिंबाखाली तिला काहीतरी समजावत उभा होता; ती खालमानेने ऐकत होती. मी मागच्या दाराने गेलो. संध्याकाळी दीर पेढे घेऊन माझ्या घरी आला. बायकोने बशीत काढून समोर ठेवले. मी एक उचलला आणि खाल्ला.