मंदाकाकींची गारी

मंदाकाकी गाडीत बसल्या की आधी शिवी देत आणि मग पट्टा लावत. शिवी गाडीलाच असे. दार लावून पदर सावरेपर्यंत ती टुंग टुंग सुरू करी, आणि काकी डॅशबोर्डवर सणसणीत चापट मारून म्हणत, "दम धर गो भवाने! लावतंय ना पट्टा!" गाडीला त्या गारीच म्हणत. काल्हेरच्या जुन्या घरांतून सगळे तसंच म्हणतात.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुढच्या सीटवर तांदळाची गोण होती आणि गोणीला पट्टा बांधलेला होता. आम्ही नुकतेच काल्हेरला राहायला आलो होतो. मी रस्त्यावर रिक्षाची वाट बघत होते. समोर पांढरी मोठी गाडी थांबली, काच खाली गेली आणि आतून आवाज आला, "तू नव्या बिल्डिंगमधली ना? मागं बस, बाय. पुढं तांदूल बसलाय." पट्टा का बांधलाय असं विचारल्यावर म्हणाल्या, "हिला मानूस नि गोनी यातला फरक कलत न्हाय. बांधला न्हाय तर शेलारपर्यंत बोंबलंल." भिवंडीपलीकडच्या शेलारला कशाला, हे मी विचारलं नाही. त्यांनीही पुढे सांगितलं नाही.

त्यांच्या भातशेतीवर आमची बिल्डिंग उभी आहे. नवरा गेल्यावर जमिनीचे व्यवहार त्यांनी स्वतः केले, सह्या स्वतः केल्या आणि गाडी स्वतःच्या नावावर घेतली. वयाच्या साठीला आल्यावर त्या ती चालवायला शिकल्या. मुलगा कल्पेश ड्रायव्हर ठेवायला तयार होता. काकींनी साफ नाही म्हटलं. "ड्रायव्हरला तोंड असतंय. गारीला न्हाय."

हा कल्पेश माझ्या डोक्यात जातो. आधीच सांगून टाकते, म्हणजे मी एकतर्फी लिहिलं असं नंतर कुणी म्हणायला नको. एकतर्फीच लिहिणार आहे. गाडी आईची, पण मागच्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत याने 'कल्पेशदादा, काल्हेर' लिहून घेतलं. त्याला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. कुणाची हळद असली की गाडी नेई आणि सकाळी आणून लावी, तेव्हा आत मसाल्याचा आणि अत्तराचा वास, आणि सीट इतकी मागे सरकवलेली की काकींचे पाय ब्रेकपर्यंत पोचत नसत. काकी उशी पाठीला लावत, सीट पुढे ओढत आणि त्याच्या नावाने खडे फोडत. "याचे पाय लांब. अक्कल आखूड."

काकींचं आणि गाडीचं एक दिवसही पटलं नाही. चावी त्या कमरेला खोचत. कपडे वाळत घालायला अंगणात आल्या की चावी जवळ आली म्हणून गाडी कटकन उघडे, आरसे पसरे, दिवे लागत. काकी हातातलं ओलं लुगडं झटकून ओरडत, "झोप! कुठं जायचं न्हाय!" सिग्नलला गाडी थांबली की इंजिन आपोआप बंद होई. पहिल्यांदा झालं तेव्हा काकी भर चौकात "मेली! मेली!" म्हणून ओरडल्या आणि शेजारचा रिक्षावाला उतरून बघायला आला, कोण मेलं म्हणून. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी उमटलं की त्या मला विचारत, "काय म्हनते ती?" मी सांगे, मागच्या चाकात हवा कमी आहे. "मग मराठीत सांगायला काय झालं? पैसे मराठीत घेतले ना?"

सगळ्यात मोठं भांडण गाडी मागे घेताना होई. आमच्या रस्त्यावर एका बाजूने कंटेनर, दुसऱ्या बाजूने बाइकवाले, मधून गाय. गाडीला चारी अंगांनी धोका दिसे आणि ती अखंड किंचाळे. मागचं दाखवणाऱ्या कॅमेऱ्यावर गोदामांची धूळ बसलेली. काकींचा त्या चित्रावर विश्वास नव्हता. मी मानकोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात काम करते, दिवसभर ट्रक लावून घेणं हाच माझा धंदा. मी खाली उतरून काचेवर थाप मारून "येऊ दे, येऊ दे, बस" म्हणायची. काकींना ते पसंत पडलं. "तुझा आवाज बरा. ही नुसती रडते." असं करून मी त्यांच्यासोबत फिरायला लागले.

आमचा दिवस ठरलेला, शुक्रवार. भिवंडीत सुट्टी शुक्रवारी असते, कापडाचे लूम बंद असतात, आमचं ऑफिसही बंद. काकींनी घरी सांगायचं, बायसोबत बाजारात जाते. बाजारात आम्ही जायचो, पण तिथून पुढे काकी गाडी शेलारच्या रस्त्याला घालायच्या. पहिल्या शुक्रवारी एका चाळीपुढे थांबून त्या म्हणाल्या, "चल वर. माझी पोरगी र्‍हाते."

रोहिणी. कल्पेशची धाकटी बहीण. तिने एका तेलुगू मुलाशी लग्न केलं होतं, श्रीनिवासशी. लूम दुरुस्त करणारा, शांत, कामाला वाघ. शुक्रवारी घरी असायचा, म्हणून शुक्रवार. कल्पेशने लग्नाच्या दिवशी जाहीर केलं होतं की आपल्याला बहीण नाही. भाऊबंदांनी माना डोलावल्या. तेव्हापासून तिचं नाव घरात घ्यायचं नाही. ड्रायव्हर का नको होता, ते मला त्या जिन्यावर कळलं. साठीच्या बाईने गाडी शिकायची, गाडीला क्लच नसला तरी ट्रकांची भीती गिळायची, ती पोटच्या पोरीला चोरून भेटायला! मला संताप आला. काकी मात्र हसत होत्या. रोहिणीची लहान मुलगी त्यांच्या कमरेच्या चावीचं बटण दाबत होती आणि खाली गाडी भोंगा वाजवत होती. "वाजव," काकी म्हणाल्या, "तुझीच हाय."

काकींचा एक हिशेब मात्र चुकला होता. गारीला तोंड होतं.

गाडी घेतली तेव्हा शोरूमवाल्यांनी विचारलं होतं, अॅप कुणाच्या फोनवर टाकायचं? काकींचा फोन साधा. कल्पेशने स्वतःचा नंबर दिला आणि वर्षभर विसरून गेला. मग कुणा मित्राने त्याला दाखवलं की गाडी कुठे आहे, किती वेळ उभी आहे, सगळं घरबसल्या दिसतं. त्याने मागचे शुक्रवार उलगडून बघितले.

आम्ही शेलारच्या गल्लीत वळत होतो तेव्हा फोन वाजला. काकींनी त्यांच्या फोनवरची बोलणी गाडीतून ऐकू येण्याची सोय बंद करायचा किती प्रयत्न केला होता, जमलं नव्हतं. कल्पेशचा आवाज चारी दारांतून आला.

"आई, शेलारला काय करतंस?"

काकींनी गाडी थांबवली. माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं.

"तुला कोनी सांगितलं?"

"गारीनं. दर शुक्रवारी तिथं उभी असते. तिथं कोन हाय?"

"तुला म्हाईत हाय कोन हाय. तुझी बहीन हाय."

"माझी बहीन मेली."

"मेली? मग तेरावं कवा केलंस? मना जेवायला न्हाय बोलावलंस ते?"

मग तो म्हणाला, "पुन्हा गेलीस तर बग." फोन बंद. काकींनी डॅशबोर्डवर चापट मारली नाही. नुसतं म्हणाल्या, "चुगलखोर." आणि गाडी पुढे घेतली.

पुढच्या शुक्रवारी त्या गेल्याच. मीही गेले. जेवण झालं, निघायला खाली उतरलो, तर गाडी सुरू होईना. बटण दाबलं की पडद्यावर इंग्रजी ओळ येई. मी वाचली. गाडी चोरीला गेली तर मालकाला फोनवरून ती बंद पाडता यावी, अशी सोय असते. कल्पेशने आईची गाडी आईच्याच ताब्यात असताना चोरीची ठरवून बंद केली होती.

मी फोन लावला. म्हटलं, "कल्पेश, गाडी सोड. भर उन्हात आई उभी आहे."

"ताई, तुम्ही मधी पडू नका. रिक्षा करून घरी आना तिला. पुन्हा न्हाय जानार असं बोलू दे, मग गारी सोडतो."

आईला धडा शिकवायच्या घाईत या शहाण्याने एक गोष्ट बघितली नाही. गाडी अरुंद गल्लीत, रोहिणीच्या चाळीला लागून, रस्त्याकडे पाठ करून उभी होती. एरवी आम्ही ती उलटी, मागची काच भिंतीकडे करून लावायचो; त्या दिवशी नेमकी तशी लावली नव्हती. काचेवर हातभर अक्षरांत 'कल्पेशदादा, काल्हेर'. शेलारमध्ये त्यांच्या सोयऱ्यांची घरं आहेत. येणारा जाणारा थांबून वाचत होता. कुणी म्हणालं, "भावानं बहिनीला जवल केली वाटतं." कुणी वर येऊन रोहिणीला विचारून गेलं, दादा जेवायला आलेत का? संध्याकाळपर्यंत काल्हेरला फोन गेले. ज्या गोष्टीचा त्याला गावभर बोभाटा नको होता, तिची पाटी त्यानेच तिच्या दारात रोवून ठेवली होती.

दिवेलागणीला गाडी आपोआप उघडली. आरसे पसरले, दिवे लागले. लगेच फोन. "आई, सोडली गारी. नीघ आता तिथून. लोक काय काय बोलतात."

काकी मोरीपाशी बसून कोलंबी सोलत होत्या. फोन रोहिणीने त्यांच्या कानाला धरला. काकी शांतपणे म्हणाल्या, "गारी चालू झाली. मी बंद हाय."

"म्हंजे?"

"म्हंजे तू ये. वर ये, बहिनीच्या हातचं पानी पी, मग येते."

मी शेअर रिक्षाने परत आले. काकी राहिल्या.

दुसऱ्या दिवशी तो आला, दोन मित्रांना घेऊन, दुसरी चावी घेऊन. मी हे रोहिणीकडून ऐकलं आणि नंतर त्या दोघांतल्या एकाकडूनही, त्यामुळे खरं आहे. रोहिणी पाण्याचा तांब्या घेऊन खाली उतरली. तिच्या समोर, तांब्याकडे न बघता, तो गाडीत बसला. काकी वरच्या कठड्याला उभ्या होत्या. तो मागे घेत असताना गाडी किंचाळत होती, तेव्हा काकींनीच वरून सांगितलं, "डावीकरं गटार हाय, बगून घे." तो गेला. आई मागे राहिली हे त्याला चाललं, गाडी राहिलेली चालली नाही.

मी काकींना म्हटलं, गाडी तुमच्या नावावर आहे, सरळ तक्रार करा. मी येते सोबत.

"काय सांगू पोलिसांना? पोरगा चोर हाय?"

"आहेच."

"आसंल. पन सांगनार न्हाय. नि ती चुगलखोर मना दारात नको."

त्या शेलारलाच राहिल्या. काल्हेरला काही काम निघालं तर शेअर रिक्षाने येत, रिक्षावाल्याशी हिंदीत भांडत, माझ्याकडे चहा पीत, आणि स्वतःच्या घरासमोरून सरळ निघून जात. गाडी अंगणात उभी दिसे. एकदाच म्हणाल्या, "चालवायला बरं वाटायचं, बाय. पाऊस लागला की ती आपली आपन काच पुसायची, ते चांगलं करायची." तेवढंच. मग लगेच साखरेच्या भावाला शिव्या घालायला लागल्या.

त्यातच काकींच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. मधुमेह होता, कुणाचं ऐकत नव्हत्या. दवाखान्यात रोहिणी आणि श्रीनिवास आळीपाळीने बसले. कल्पेशला मी स्वतः निरोप दिला. तो म्हणाला, निवडणुकीची गडबड संपू दे. ती संपली, तो पडला, आणि त्या आठवड्यात काकी गेल्या.

दहाव्याला तो आला. पांढरे कपडे, डोळे सुजलेले. रडत नव्हता असं मी म्हणणार नाही, रडत होता. भाऊबंदही आले होते, तेच माना डोलावणारे, आणि म्हणत होते की आईसारखं दैवत नाही. रोहिणी एका बाजूला बसली होती. तिच्याशी कुणी बोललं नाही, पण पिंडाला कावळा शिवेना तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं. ती उठली, पुढे गेली, हात जोडून काहीतरी पुटपुटली. कावळा आला की नाही ते मी बघत बसले नाही. मी चपला शोधत होते.

तो माझ्यामागे रस्त्यापर्यंत आला.

"ताई," तो म्हणाला, "तुमी तिच्यासोबत असायच्या. तिला एवढं लागलंय, पोरीशिवाय जीव राहत न्हाय तिचा, हे मला आधी कुनीतरी सांगायला पायजे होतं."

"सांगितलं होतं की," मी म्हटलं. "दर शुक्रवारी सांगत होती गाडी तुला. रस्ता, घर, आई किती वेळ बसली, सगळं. तू काय केलंस?"

मी रिक्षाला हात केला.