निवेदनं वाचणारे डॉक्टर

वरचे डॉक्टर बातमी नेहमी शेवटाकडून वाचायचे. कुणी क्षेपणास्त्र सोडलं, कुठलं जहाज पेटलं, हे वर मोठ्या अक्षरांत असतं. बंदर उघडं आहे की बंद, हे तळाच्या ओळीत. "वरचं सगळं त्यांचं. खालची एक लाइन माझ्या अम्मीची," असं ते म्हणत.

ते येमेनचे. इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करायला आलेले आणि उस्मानपुऱ्यात आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहणारे. पदवी मिळायच्या आधीच गल्लीनं त्यांना डॉक्टर करून टाकलं होतं. कुणी दुखरा गुडघा दाखवायला आलं की ते हसत, "मी युद्धाचा डॉक्टर. माझा पेशंट वाचत नाय." मराठी त्यांनी माझ्या आईकडून उचलली होती, हिंदी शहागंजच्या दुकानांतून, आणि बोलताना दोन्ही एकमेकींत मिसळत.

त्यांचा विषय होता युद्धबंदीच्या वाटाघाटी. त्यामुळे देशोदेशींच्या सरकारांची निवेदनं ते आईला समजावून सांगत. "आई, 'चिंता' म्हटलं तर कोणी काही करणार नाय. 'तीव्र चिंता' म्हणजे बैठक होणार. 'निषेध' म्हणजे बैठक हो गयी."

"आन् मदत कवा येती रे?" आई विचारायची.

"ते निवेदनात नसतं."

आमच्या घराखालीच माझं औषधांचं दुकान आहे. डॉक्टरांची अम्मी समुद्रकाठच्या बंदराच्या गावात, मुलीजवळ राहायची. तिला रोज इन्सुलिन लागायचं. समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तसा जहाजांनी रस्ता बदलला. मग त्याचं उत्तर म्हणून बंदरावरच बॉम्ब पडले, माल उतरवायच्या क्रेन कोसळल्या आणि औषधं यायची थांबली. त्या दिवसांत डॉक्टर दुकानात येऊन फ्रिजसमोर उभे राहत. काचेआड इन्सुलिनचे खोके रचलेले असत. मला तिकडे बघवत नसे.

गावाकडे निघालेला त्यांचा एक मित्र औषध न्यायला तयार झाला. मी बर्फाच्या डब्यात इन्सुलिन नीट बांधून दिलं. तो मधल्या विमानतळावर पोचला आणि पुढचं उड्डाण रद्द झालं. पुन्हा कधी, ते कुणी सांगेना. बर्फ वितळला. त्यानं फोनवर रडत रडत माफी मागितली, तेव्हा डॉक्टरच त्याची समजूत घालत होते.

त्याच सुमारास शहरात एका निवृत्त राजदूतांचं व्याख्यान झालं. डॉक्टर मलाही घेऊन गेले. राजदूत म्हणाले, सर्व बाजूंशी संवाद सुरू आहे. प्रश्नांच्या वेळी डॉक्टर उठले. "साहेब, संवाद सुरू आहे तोपर्यंत इन्सुलिन कुठून आणायचं?" राजदूतांनी चष्मा काढला आणि ते म्हणाले, "तुमच्या भावना मी समजू शकतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना मी चिडले होते. डॉक्टर शांत होते. "त्यांच्यावर गुस्सा काय करायचा? मला विचारलं असतं तर मीपण हेच बोललो असतो. पाच साल तेच तर शिकतोय."

एका सकाळी मी दुकानाचं शटर वर केलं, तर ते पायरीवर बसलेले. "ताई, आता नको," एवढंच बोलले. काय नको, ते विचारावं लागलं नाही. पहाटे बहिणीचा फोन आला होता. तिथला विमानतळ बंद, त्यामुळे अम्मीच्या मातीला जाणंही शक्य नव्हतं. आई खाली आली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. गिऱ्हाइकं आली तशी परत गेली.

प्रबंध पूर्ण झाला होता, फक्त शेवटचं प्रकरण राहिलं होतं. त्यात शिफारशी हव्यात, असं मार्गदर्शकांनी सांगितलं. डॉक्टर कितीतरी दिवस कोऱ्या पडद्यासमोर बसून राहिले. मग एका दुपारी त्यांनी सगळ्या लिहून काढल्या: सर्व बाजूंनी संयम पाळावा, सागरी मार्ग सुरक्षित ठेवावेत. परीक्षकांना ते प्रकरण सगळ्यांत आवडलं. गल्लीत पेढे आईनं वाटले.

मग व्हिसाची मुदत संपत आली. घरी परतायला वाट नव्हती. समुद्रापलीकडच्या एका देशात, मदतकार्याच्या कचेरीत त्यांना नोकरी मिळाली. चिकलठाण्याच्या विमानतळावर आईनं त्यांच्या हातात धपाट्यांचा डबा दिला. ते वाकून तिच्या पाया पडले. "तिथं गेलास की आदी बहिणीला बोलावून घे," आई म्हणाली. "व्हय आई, पहिलं काम तेच," ते म्हणाले.

पुढे फोन येत राहिले. कामाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "निवेदनं लिहितो ताई, अरबीत. चांगली लिहितो म्हणतात."

गेल्या महिन्यात आईनं माझ्या हातातून फोन घेतला. "अन् बहीण रं? आली का तुझ्याजवळ?"

"आई, तिचा अर्ज विचाराधीन आहे," डॉक्टर म्हणाले. "आम्ही परिस्थितीवर लक्ष ठेवून आहोत."

 त्यानंतर बराच वेळ दोघांपैकी कुणीच फोन ठेवला नाही.