वच्छलावयनी अंगठा देईना

आमच्या अंजनगावात कुणाच्या दोरीवर काय वाळतंय याची खबर त्या घरच्यांच्या आधी मला असते. लोक मला चोंबडी म्हणतात, म्हणोत बापडे. पण त्याच सवयीनं शेजारच्या वच्छलावयनीचं गुपित कळलं. पंचावन्नी उलटलेली, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली बाई; आणि तिच्या मोरीमागच्या दोरीवर, लुगड्याच्या आड, जुनेराच्या घड्या वाळत होत्या.

"वयनी, पुन्हा तरणी होऊन राहिली का तू?" मी विचारलं.

ती हसली नाही. भिंतीला टेकून बसली आणि सांगू लागली.

श्रावणापासून अंगावरून जात होतं. आमच्याकडे पानमळ्यात पायताण घालून जात नाहीत, आंघोळीशिवाय जात नाहीत, आणि विटाळशीनं तर मळ्याच्या दाराशीही उभं राहायचं नाही. पाळी गेल्यापासून वयनी तीसही दिवस मळ्यात जायची आणि सुनांपुढं तोरा मिरवायची. आता घरी बसली तर सगळे विचारणार, म्हणून जातच राहिली. भादव्यात तिच्या मळ्यातल्या पानवेलींच्या दोन ओळी पिवळ्या पडून सुकल्या. ते आपल्या विटाळाच्या पायांनीच झालं, असं तिनं धरलं.

दिवाळी झाल्यावर मी आणि तिचे मालक खुशालराव तिला मोटारीनं अमरावतीला, बायकांच्या दवाखान्यात घेऊन गेलो. आत गाठ आहे, पिशवी काढावी लागेल, उशीर नको, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कागद पुढं आला. वयनी अंगठा देईना. दोन दिवस गेले. ना झोप, ना जेवण. खाटेवर पडून नुसती कौलं बघायची.

"चाकूले भेतं का?" मी म्हटलं.

"सात बाळंतपणं केली म्या, चाकूले काय भेऊ? पन त्या सुकलेल्या वेलाईचं पाप घेऊन त्या टेबलावर झोपली, त उठीन काय मी?"

"नत्थुजीच्या मळ्यातबी वेल गेले. तिथंबी तूच गेल्ती का? एकटा मानूस हाये तो, वयनी. लोक काय म्हनतीन?"

एरवी तिनं मला हातात येईल ते फेकून मारलं असतं. आता कूस बदलली. मग म्हणाली, "गोदे, त्यायले बोलाव."

खुशालराव बाहेर निंबाखाली बसले होते. आत आले. वयनीनं भिंतीकडं तोंड करून त्यांना सगळं सांगितलं. मी तिथून हलले नाही, खोटं कशाला सांगू.

खुशालरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"पान्यानं गेले वेल," ते म्हणाले. "चर बुजला होता. मुळाशी पानी साचलं. गुडघे दुखतात म्हनून म्या उपसला नाही. तुले सांगतलं असतं त तूच खोरं घेऊन उतरली असती."

वयनी सावकाश वळली. "दोन महिने सोमवार धरून राहिली मी. काहून नाही सांगतलं?"

"तू तरी कुठं सांगतलं?"

भांडायचं त्राण दोघांतही नव्हतं. तिनंच कागद मागितला, अंगठा दिला आणि त्याच हातानं पदर तोंडावर ओढून घेतला.

सकाळी नर्सबाई न्यायला आली तेव्हा वयनी घोरत होती. तिला उठवायचं कुणी, यावर मी आणि खुशालराव एकमेकांकडं बघत बसलो.