लांबडीचं पत्र

लांबडीला फळ्याचा वरचा काठ पुसायला टाच उचलावी लागत नसे. त्यामुळे पिंपळगाव रेणुकाईच्या आमच्या शाळेत कोणत्याही वर्गातून तिला हाक यायची. कुठे जळमटं काढायची असत, कुठे नकाशा टांगायचा असे. "मी काय शिडी हाय का?" असं कुरकुरत ती जायची आणि काम करून यायची. तिचं खरं नाव हजेरीबाहेर कुणी घेतलं नाही. मीही नाही, आणि मी तर तिचा खेळाचा मास्तर.

ती धावडा गावाहून यायची. खो-खोत पळायला उतरवली की अर्ध्या मिनिटात बाद! पण पाठलागाला खांबापाशी बसवली, की तिचा हात कुठून येईल हे समोरच्या मुलीला कळत नसे. "पोरी माझ्या पायाकडं बघतात सर, हाताकडं कुनी बघतच न्हाई," ती सांगायची.

मैदानाच्या कडेला बास्केटबॉलची एक रिंग होती, जाळी नसलेली. पंधरा ऑगस्टला पताका बांधण्यापलीकडे तिचा उपयोग नव्हता. मधल्या सुट्टीत लांबडी हवा गेलेला फुटबॉल तिच्यातून टाकत राहायची. "बराबर पडला की लई भारी वाटतं सर." मी ओरडायचो, "ते शहरातल्या पोरींचे खेळ. इकडं ये, खांबाला बस."

ती नववीत असताना एका प्रशिक्षण केंद्राने उंच मुलींची नावं मागवली. मीच तिची उंची मोजून पाठवली. महिन्याभरात बास्केटबॉलच्या निवड चाचणीचं बोलावणं आलं. राहणं, जेवण, शिक्षण, सगळं केंद्राकडे. चाचणी संभाजीनगरला होती आणि नेमकी त्याच दिवशी जालन्यात आमची जिल्ह्याची खो-खोची फायनल. पुढच्या वर्षी ती वयाच्या अटीत बसणार नव्हती, हे मला चांगलं ठाऊक होतं. पण जिल्ह्याच्या ढालीसाठी मी इतकी वर्षं जीव टाकत होतो! पत्राची घडी करून टेबलाच्या खणात ठेवली. तिला सांगितलं नाही, तिच्या वडिलांनाही नाही.

ढाल आली. शेवटची मुलगी लांबडीनेच टिपली. परतताना जीपमध्ये ती सगळ्यांना खारे शेंगदाणे वाटत होती. "सर, आता तरी हसा की!" म्हणाली. मी हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

आता ती संभाजीनगरला कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. उंची पाहून बास्केटबॉलच्या संघात घेतलंय, पण बहुतेक सामने बाकावर बसून जातात. मागच्या आठवड्यात तिचा फोन आला. "सर, हितल्या पोरी पाचवीपासून खेळून राह्यल्या. चेंडूकडं न बघता टप्पे मारतात. आमचे कोच म्हणले, चार वर्षं आधी यायला पाह्यजे होती. मंग मी म्हणलं, आमच्या गावच्या पोरीला कोन बोलावनार?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् सर, एक फॉर्म भरून राह्यले. शाळेत काय खेळली, ते लिहायचंय. बास्केटबॉलचा रकाना कोराच ठेवला, खो-खो लिहिलं. मार्गदर्शक म्हणून तुमचं नाव टाकलं."

"माझं नको टाकू," मी म्हणालो.

"असं कसं सर? तुमच्याशिवाय माझ्याकडं बघितलं कोनी?"

तेव्हा तरी सांगून टाकायला हवं होतं. पत्र अजून त्याच खणात आहे. मी एवढंच विचारलं, "तिथं जेवण बरं मिळतं ना?"