बाजाराच्या दुसऱ्या दिवशीचा दम

अन्याय माझ्या मावशीवर झाला. जानेवारी १९९६ मध्ये, संक्रांतीच्या आधीच्या बाजारी, भर दुपारी, परतूरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात तिचा श्वास मोजला गेला आणि छाती ठणठणीत असल्याचा शेरा मारून तिला पुन्हा मशीनपाशी पाठवण्यात आलं. मांडव मालकाचा होता. डॉक्टरांचा चहा मालकाच्या घरून येत होता. एवढं मी स्वतः पाहिलं. त्या शेऱ्यात नेमकं खोटं काय होतं, हे कळायला मात्र मला दोन वर्षं लागली, कारण मी खोटं शोधत होते भलत्याच जागी.

शाळेची वर्षं मी मावशीकडे काढली. नंतर कॉलेजसाठी जालन्याला गेले, तिथं कामगारांसाठी झगडणाऱ्या आमच्या मंडळाची पत्रकं लिहायला लागले, आणि सुट्टी लागली की पुन्हा परतूर. मावशी हंगामात जिनिंगवर. दिवाळीनंतर कापूस यायला लागला की ती सकाळी आत शिरायची ती संध्याकाळीच बाहेर. मशीनमध्ये कापूस सोडायचा, सरकी वेगळी पडते, रुई वेगळी उडते, आणि या दोन्हींपेक्षा बारीक असं जे काही असतं ते हवेत राहतं. नाकाला पदर बांधायचा. संध्याकाळी तो सोडला की आतल्या बाजूनेही करडा झालेला असायचा. तिच्या सुनेला, म्हणजे माझ्या वहिनीला, बाहेर उघड्या आवारात काम होतं. किडका, पिवळा कापूस वेचून बाजूला काढायचं. मावशीनं मुकादमाला म्हटलं होतं, मलाही बाहेर घ्या, आत दम लागतो. मुकादम म्हणाला, डॉक्टरचा कागद आणा.

म्हणून ते शिबीर आलं तेव्हा आम्हाला बरं वाटलं होतं. मोठ्या शहरातली कुठलीशी संस्था कामगारांच्या फुफ्फुसांचा अभ्यास करत होती. बाजाराच्या दिवशी जिनिंगला सुट्टी, बाया रिकाम्या, मशीनचा आवाज नाही. तोच दिवस त्यांनी धरला.

मावशीच्या हातात त्यांनी एक नळी दिली. जोरात फुंकायचं, काटा सरकतो.

मावशी म्हणाली, "ही तर फुंकणीच की. चूल कुठंय?"

रांगेतल्या बाया हसल्या. तिनं फुंकर मारली आणि काटा सरसर वर गेला. डॉक्टर तरुण होता. म्हणाला, "आजी, तुमची छाती माझ्यापेक्षा चांगली आहे."

"आजी कुणाला म्हणून राह्यला, बाप्पा? माझ्या सुनेला अजून लेकरू न्हाई."

पुन्हा हशा. डॉक्टरही हसला. मावशीनं मग दम लागतो म्हणून सांगितलं. त्यानं तिचे दात पाहिले, मिश्री लावता का विचारलं, घरात चूल आहे का विचारलं. दोन्हीला हो. झालं. मिश्री सोडा, चुलीचा धूर टाळा. कागदावर छाती ठणठणीत असा शेरा पडला आणि तोच कागद मुकादमाकडे गेला.

मी दुसऱ्या दिवशीही तिथंच होते. सांजच्याला मावशी कामावरून आली आणि उंबऱ्यावरच बसली. छातीतून बारीक शीळ येत होती. वहिनीनं चुलीत काड्या रचल्या, पण फुंकणी मावशीनं हातात घेतली नाही. पायानंच वहिनीकडे सरकवली.

मी म्हटलं, "काल तर डॉक्टरपेक्षा चांगली छाती होती तुझी."

"ती काल होती. आज बाजाराची भजी बाधली."

"भजी?"

"दर बाजाराला होतंय असं. तेल चांगलं न्हाई त्याचं. दोन दिवसांत बसतंय आपोआप."

वहिनी चुलीपाशी वाकूनच म्हणाली, "आत्या, काल तर तुम्ही म्हणल्या खाल्ली न्हाई."

"न्हाईच खाल्ली. वासानं बाधली असंन."

हे काही तिच्या एकटीचं नव्हतं. मशीनवरच्या सगळ्या बायांना बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दम लागायचा आणि वस्तीत त्याचं नावच पडलं होतं: भज्यांचा दम. बाजाराला जायचं, पिशवी भरायची, स्टँडजवळच्या गाड्यावर पुडीभर भजी खायची, हा त्यांचा आठवड्यातला एकुलता एक चैनीचा भाग. तोच बाधतो असं त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. कुणी भजी सोडली, कुणी नवऱ्यापासून लपवून खाल्ली. भजीवाला तर या विषयावर बोलायलाच तयार नसायचा.

मी भज्यांचा विचार केला नाही. मला गुन्हेगार माहीत होता. डॉक्टर विकला गेला. मालकाचा मांडव, मालकाचा चहा, अजून काय पुरावा पाहिजे? जालन्याला जाऊन मी पत्रक लिहिलं, 'विकलेली तपासणी' म्हणून, आणि पुढच्या बाजारी परतूरला वाटलं. मुकादमानं ते जिनिंगच्या दारात उभं राहून शेवटपर्यंत वाचलं.

"ताई, अक्षर लई सुंदर," तो म्हणाला. "पण काटा तुमच्या मावशीनंच वर नेला ना? का फुंकर बी मालकानं मारली?"

आम्हाला पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा आधी दोषी कोण ते ठरवायला शिकवतात. काटा खरा होता आणि दम पण खरा होता, हे एका पानावर बसवायला कुणी शिकवलेलं नव्हतं.

उन्हाळ्यात जिनिंग बंद झाली. मी महिनाभर परतूरला होते. दर बाजारी मावशी आणि मी भजी खायचो, त्याच गाड्यावर, त्याच तेलातली. दुसऱ्या दिवशी सांजच्याला मावशी फुंकणी उचलायची आणि एका फुंकरीत चूल भडकायची. शीळ नाही, खोकला नाही. पहिल्या आठवड्यात मला काही वाटलं नाही. नंतर मात्र मी मुद्दाम बघायला लागले, तिला आग्रह करकरून भजी खायला घातली. काही झालं नाही. भज्यांवरचा आरोप खोटा होता. मग माझा इतर आरोपांवरचाही विश्वास उडाला, मिश्री आणि धुरावरचा सुद्धा.

दिवाळीनंतर जिनिंग सुरू झाली. पहिल्याच दिवशी संध्याकाळी, बाजार नसताना, मावशी उंबऱ्यावर बसली.

त्या हंगामात आणि पुढच्या हंगामात मी एक गोष्ट पाहिली जी मला अजिबात आवडली नाही. आधी दम बाजाराच्या दुसऱ्या दिवशी लागायचा आणि उरलेला आठवडा बरा जायचा. पुढं तो तिसऱ्या दिवशीही टिकायला लागला. मग आठवड्याच्या मधेही. शेजारी दरसाल बांध कोरतो, नांगराचं एखादं तासच कोरतो, आणि आपल्याला कळतं तोवर त्याची ज्वारी आपल्या शेतात उभी असते. तसं चाललं होतं. मावशी म्हणायची, वय झालं. चाळिशी पण नीट उलटली नव्हती तिची.

लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भाजलेल्या एका कामगाराला घेऊन मी जालन्याच्या सरकारी दवाखान्यात गेले होते, तिथं छातीच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. जाडा चष्मा, चिडका आवाज. त्या मोकळ्या बसलेल्या दिसल्या म्हणून मी मावशीचं सांगितलं, आणि शिबिराच्या डॉक्टरनं चुलीचं आणि मिश्रीचं काय सांगितलं तेही.

"चूल रोज पेटते?" त्यांनी विचारलं.

"रोज."

"मिश्री?"

"रोज."

"मग दम सुरुवातीला आठवड्यातून एकदाच का लागत होता? सुट्टी कोण घेतं, चूल की जिनिंग?"

उत्तर त्यांनीच सांगितलं. कापसाच्या धुळीचा हा आजार, बिसिनोसिस म्हणतात. रोज धूळ खाणारं शरीर तिला थोडं सरावतं, म्हणजे निदान तक्रार करत नाही. एक दिवस सुट्टी मिळाली की ते सराव विसरतं. दुसऱ्या दिवशी धूळ आत गेली की श्वासनळ्या आवळतात, काही तासांत छाती जड. पुढच्या दिवशी कमी. माणसाला वाटतं, गेला. तो गेलेला नसतो. वर्षं जातात तसा एकेक दिवस वाढत जातो, आणि शेवटी सुट्टीतही दम राहतो, तेव्हा फार काही करता येत नाही.

"सूतगिरण्यांमधलं पुष्कळ लिहिलेलं आहे. तुमच्या जिनिंगमधल्या बायांचं इथं कोण मोजतंय? आणि मोजलं तर सुट्टीच्या दिवशी." त्या हसल्या, पण गमतीनं नाही. "पावसाचं पाणी चैत्रात मोजायचं आणि दुष्काळ आहे म्हणून लिहायचं."

मग त्यांनी कपाटातून एक नळी काढली आणि टेबलावर ठेवली. मला तिकडे यायला कुणी सोडणार नाही, म्हणाल्या. तू ने. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, कामावर जाण्याआधी आणि सुटल्यावर. एका दिवसावर मी काही लिहून देणार नाही. काही आठवडे घे. आणि आत काम न करणाऱ्या एखादीला पण फुंकायला लाव.

सरकारी डॉक्टर आपणहून काही देते, हे मला पचेना. पॅसेंजरमध्ये बसल्यावर ती नळी मी उलटीपालटी करून पाहिली, कुठं मालकाचं नाव आहे का म्हणून. नव्हतं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिनिंगच्या दाराशी उभी राहिले. मावशीनं फुंकलं, वहिनीनं फुंकलं. मुकादम आला.

"काय चाललंय?"

"फुंकणीचा सराव करून राह्यले," मावशी म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा. वहिनीचा काटा सकाळच्याच जागी गेला. मावशीचा मधेच थांबला. तिनं पुन्हा फुंकलं, गाल लाल होईपर्यंत, आणि काटा पुन्हा तिथंच. या वेळी तिनं काही विनोद केला नाही. नळी माझ्या हातात देत म्हणाली, "मंग शिबिराच्या दिवशी काटा कसा गेला गं वर?"

"त्या दिवशी तू आत गेलीच नव्हतीस, मावशी."

हंगाम संपेपर्यंत असंच होत राहिलं. मावशीला धुळीत ठेवू नका, असा कागद डॉक्टरीणबाईंनी दिला. मुकादमानं तो घेतला आणि आपल्याकडचा जुना दाखवला. "हा पण डॉक्टरचाच. ह्याच्यावर ठणठणीत लिवलंय. आता कोणता खरा धरू?"

मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात विकलेली, लुटलेली असले शब्द नव्हते. वरती एवढाच प्रश्न होता: श्वास कोणत्या दिवशी मोजला? खाली भज्यांचं, चुलीचं आणि जिनिंगचं, कोण सुट्टी घेतं आणि कोण नाही. बाजारात ते लोकांनी मोठ्यानं वाचून घेतलं. भजीवाल्यानं तर एक प्रत गाड्याच्या बांबूला सुतळीनं बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला लागला, "बघा, माझं तेल बराबर हाय." त्या गाड्यासमोर मशीनवरच्या बाया घोळक्यानं उभ्या राहिल्या आणि एकमेकींना विचारायला लागल्या, तुला कधी लागतो, तुला कधीपासून. हे मालकाच्या कानावर गेलं असणार. पुढच्या हंगामात मुकादमानं मावशीला बाहेर घेतलं.

आम्ही जिंकलो असं मला वाटलं. आठवडाभर वाटलं.

मशीनपाशी कुणीतरी लागतंच. मावशीच्या जागी वहिनीला आत घातलं.

मी मुकादमाकडे गेले तर तो म्हणाला, "तिची छाती तर तुम्हीच मोजली ना, ताई? दोन्ही टायमाला बराबर. तुमच्याच कागदावर हाय."

त्या शिबिराच्या डॉक्टरलाही मी नंतर एकदा गाठलं. बाजाराचाच दिवस का धरला, विचारलं. म्हणाला, सोयीचा होता. कोणाच्या सोयीचा ते सांगितलं नाही. त्याला खरंच माहीत नव्हतं, की माहीत असलेल्या कुणीतरी त्याला तो दिवस सुचवला? मला आजही ठरवता येत नाही. आणि ठरवता येत नाही तोवर मी मालकाच्या मांडवात झालेल्या कुठल्याही तपासणीवर विश्वास ठेवणार नाही.

मावशीला आता उन्हाळ्यातही दम लागतो. गेल्या हंगामात मी गेले तेव्हा बाजाराचा दुसरा दिवस होता. वहिनी कामावरून आली, काड्या रचल्या, फुंकणी उचलली आणि थोडा वेळ नुसतीच हातात धरून बसली. मग ती मावशीकडे सरकवली. मावशीनं फुंकलं, राख उडाली, जाळ झाला नाही. शेवटी चूल मी पेटवली.

वहिनी म्हणाली, "काल भजी जरा जास्तच झाली."

मावशी म्हणाली, "भज्यांचं नाव घेऊ नको."

तुम्ही हे वाचताय, तुमच्या गावात जिनिंग असेल, नाहीतर तुमच्या घरातलं कुणी कापसात उभं राहत असेल. त्याला आज विचारा: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी कसं वाटतं? तुम्ही डॉक्टर असाल, तर त्याच दिवशी तिथं जा आणि आत जाण्याआधी व बाहेर आल्यावर, दोन्ही वेळा फुंकायला लावा. एकदाच नाही, दर हंगामात, त्याच माणसाला. आणि कुणी तुमच्यासमोर ठणठणीतचा कागद धरला, तर शेरा वाचू नका. आधी वार विचारा.